मदत हवी आहे: स्वप्नातल्या गॅरेजची पाचवी गाडी ठरत नाहीये

सहावा_गिअर
नमस्कार मंडळी. पाच गाड्यांचं गॅरेज आहे, चार ठरल्यात. लॅम्बोर्गिनी मियुरा, पोर्शे कॅरेरा आरएस २.७, फेरारी एफ४० आणि मॅकलॅरेन एफ१. पाचवीवर अडकलोय, झोप उडालीये. यादी रविवारी द्यायची आहे. कृपया "मनाला भावेल ती घे" असं लिहू नका. गाडीचं नाव आणि कारण लिहा. जरा लवकर.

निळा_धूर
बुगाटी व्हेरॉन. विचारायचं काय त्यात? आठ लिटरचं सोळा सिलिंडरचं इंजिन, चार टर्बो, ते थंड ठेवायला दहा रेडिएटर. २००५ साली ताशी ४०७ किमी गाठले होते. गॅरेजमध्ये एक तरी अशी हवी की समोरच्याचं बोलणं बंद झालं पाहिजे.

सहावा_गिअर
व्हेरॉन चालणार नाही. क्लच पेडल नाही तिला.

टर्बो_तात्या
तुझ्या यादीत जपानी एकही नाही, हे बरोबर नाही. स्कायलाइन जीटी-आर आर३४ घे. २.६ लिटर, सरळ सहा सिलिंडर, दोन टर्बो, चारही चाकांना ताकद. या किमतीत युरोपात काय मिळतं ते बघ.

सहावा_गिअर
तात्या, आर३४ १९९९ ची. नव्वदचं दशक एफ१ने भरलंय. आणि किमतीचा प्रश्नच नाहीये.

स्वराली_के
थांब जरा. दशकाचं काय म्हणतोयस? क्लचचं काय? तुझे काही नियम दिसतायत आणि ते फक्त तुलाच माहीत आहेत. आधी ते लिही, नाहीतर लोक उगाच टंकत बसतील.

सहावा_गिअर
मला वाटलं यादी बघून कळेल. मामेभाऊ आणि मी, दोघांनी पाच-पाच गाड्या निवडायच्या. साठच्या दशकापासून दोन हजारच्या दशकापर्यंत दर दशकातली एक. दशक म्हणजे विक्रीला पहिली गाडी बाहेर पडली ते वर्ष. एक कंपनी एकदाच. तीन पेडल आणि हाताने टाकायचा गिअर. आणि प्रत्येक गाडी कुठल्या रस्त्यावर चालवणार तेही सांगायचं. आजोळी सगळे जमलो की दोघांनी आपापली यादी मांडायची, दादा पंच. अडलंय ते दोन हजारचं दशक.

निळा_धूर
हे आधी लिहिलं असतंस तर मी व्हेरॉनवर वेळ घातला नसता. तरी सांगतो, ती सात गिअरची डबल क्लच पेटी सर्वोत्तम आहे. हाताने गिअर टाकायचा हट्ट म्हणजे नुसतं स्मरणरंजन.

टर्बो_तात्या
स्मरणरंजन नाही. एस२००० चालवून बघा एकदा, मित्राची चालवली आहे मी दुबईत. दोन लिटरचं टर्बो नसलेलं इंजिन ९००० आरपीएमपर्यंत ओरडत जातं आणि गिअरचा दांडा मनगटाच्या झटक्यात पडतो. ती अनुभूती स्टिअरिंगमागच्या, बोटाने ओढायच्या पॅडलला नाही. धागाकर्त्याने एस२००० घ्यावी, जपानचाही मान राहील.

स्वराली_के
एस२००० सुद्धा १९९९ ची, तात्या. त्याच्याच नियमात बसत नाही.

टर्बो_तात्या
मग लेक्सस एलएफए! फक्त ५०० बनल्या. इंजिन इतक्या झपकन वर चढतं की काट्याला ते पकडता येईना, म्हणून आरपीएम पडद्यावर दाखवावा लागला. यामाहाने आवाजावर काम केलंय. व्ही१० असा गातो की...

सहावा_गिअर
पॅडलवाली आहे ती. शिवाय २००९ ला दाखवली, पण पहिली गाडी बाहेर पडली २०१० च्या डिसेंबरात. दोन्हीकडून बाद.

कायदेपंडित_ठाणे
मुळात या गाड्या भारतात रस्त्यावर आणणं सोपं नाही. एफ४० कारखान्यातून डाव्या स्टिअरिंगचीच यायची. आपल्याकडे डाव्या स्टिअरिंगच्या गाडीची नोंदणी मोटार वाहन कायद्यातच अडते. मॅकलॅरेनचं स्टिअरिंग तर मधोमध, आरटीओत काय सांगणार? आयात शुल्क, रोड टॅक्स, विमा याचा आधी विचार करावा.

सहावा_गिअर
काका, गॅरेज काल्पनिक आहे.

कायदेपंडित_ठाणे
काल्पनिक असलं तरी रस्ते खरे सांगायचे आहेत असं तुम्हीच लिहिलंय. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर मर्यादा ताशी १०० आहे, एवढं लक्षात असू द्या.

म्हापशेकार
रस्ते गोव्याचे घे. आणि गाडीही. सॅन स्टॉर्म कुणाला आठवते का? नव्वदच्या दशकाच्या शेवटी गोव्यात बनायची. दोन सीट, उघडं छप्पर, फायबरची बॉडी, रेनॉचं छोटं इंजिन. आमच्याकडे एक पिवळी होती, पावसाळ्यात ताडपत्रीखाली असायची, पण ऊन पडलं की शिवोलीच्या रस्त्यावर शोभून दिसायची. आपल्या मातीतली स्पोर्ट्स कार म्हणून तरी कुणी यादीत घ्यायला हवी.

सहावा_गिअर
म्हापशेकार, गाडीबद्दल आदर आहेच. पण नव्वदमधून मी एफ१ काढणार नाही. तीन सीट, ड्रायव्हर मध्ये, गॉर्डन मरेचं डिझाइन, इंजिनाच्या कप्प्यात उष्णता परतवायला सोन्याचा पत्रा. सगळ्या मिळून १०६ बनल्या. या जागेवर चर्चा नको.

झुफेनहाउझेनकर
मी श्टुटगार्टला राहते, पोर्शे संग्रहालय घरापासून ट्रेनने जवळ. दोन हजारच्या दशकाला माझ्या मते एकच उत्तर आहे, कॅरेरा जीटी. ५.७ लिटरचा व्ही१०, तोही मुळात शर्यतीसाठी सुरू केलेला आणि शर्यतीचा बेत रद्द झाल्यावर रस्त्यावर आलेला. फक्त सहा गिअरची हाताची पेटी. गाडी घसरली तर सावरणारं इलेक्ट्रॉनिक यंत्र नाही. लाइपझिगला १२७० बनल्या. काचेतून आत वाकून पाहिलंत तर सगळीकडे कार्बन फायबर आणि मधोमध गिअरच्या दांड्यावर लाकडाची मूठ, लाकडाचे थर एकावर एक चिकटवलेली. ९१७ या शर्यतीच्या गाडीला वजन वाचवायला लाकडी मूठ असायची, तिची ती आठवण. क्लच मात्र छोटा आणि कडक, पहिल्या गिअरला ॲक्सिलरेटर न देता हळूच सोडायचा, घाई केली की गाडी बंद पडते.

सहावा_गिअर
ताई, पहिल्यापासून मनात हीच आहे. पण पोर्शे दोनदा होते! सत्तरच्या दशकात आरएस २.७ आहे ना. म्हणूनच तर अडलोय.

स्वराली_के
हे वाक्य पहिल्या पोस्टमध्ये हवं होतं.

अमेरिकन_व्ही८
मग फोर्ड जीटी. सोपं आहे. ५.४ लिटर, सुपरचार्जर, ५५० अश्वशक्ती, सहा गिअर हाताचे. फ्रान्समधल्या ल माँच्या शर्यतीत १९६६ ते १९६९ सलग चार वर्षं जीटी४० जिंकली, तिच्याच अंगाने २००४ पासून काढलेली ही गाडी. तुझ्या यादीत अमेरिका नाही, कंपनी दुसऱ्यांदा येत नाही, दशक बसतं.

निळा_धूर
तिच्या दाराला छताचा तुकडा जोडलेला असतो. दोन गाड्यांमधल्या अरुंद जागेत दार अर्धंच उघडतं आणि उतरताना डोकं आपटतं. पाच गाड्या शेजारी लावणार ना हा?

अमेरिकन_व्ही८
काल्पनिक गॅरेजला जागा कमी कशी पडेल? निळा_धूर, तुम्हाला हाताचा गिअरही नको, दारही नको. चार वर्षांचा ल माँचा वारसा असा दारावरून नाकारायचा?

निळा_धूर
वारसा जीटी४०चा. २००४ ची गाडी शर्यतीसाठी बनलेलीच नव्हती. आधुनिक चेहरा लावलेली जुनी आठवण आहे ती.

झुफेनहाउझेनकर
तुम्ही दोघं दुसरा धागा काढा. सहावा_गिअर, पाचवी जागा अडलीये असं तुला वाटतंय, पण अडलीये दुसरी. सत्तरची गाडी बदल, कॅरेरा जीटी आपोआप बसते. आरएस २.७ तुला का हवी आहे ते सांग.

सहावा_गिअर
मागचं ते उचललेलं बदकाचं शेपूट. २१० अश्वशक्ती, हजार किलोच्या आतलं वजन. आणि रस्ता म्हणून मी सिसिलीतल्या टार्गा फ्लोरिओ शर्यतीचा लिहिलाय. १९७३ ला तिचीच शर्यतीची बहीण आरएसआर तिथं जिंकली. डोंगरातली गावं, दगडी घरांच्या भिंतीला घासून जाणारी वळणं. तो रस्ता मी सोडणार नाही.

झुफेनहाउझेनकर
रस्ता सोडू नकोस. १९७४ ला तीच शर्यत लॅन्चिया स्ट्राटोसने जिंकली. आणि त्याच गाडीने १९७४, ७५, ७६ अशी तीन वर्षं जागतिक रॅलीचं विजेतेपद लॅन्चियाला मिळवून दिलं.

स्वराली_के
+१. स्ट्राटोस या यादीत आरएसपेक्षा जास्त शोभेल. पुढच्या-मागच्या चाकांत जेमतेम २.१८ मीटर अंतर, म्हणून वळणावर ती जागच्या जागी फिरते. समोरची काच हेल्मेटच्या काचेसारखी वळलेली. दारांच्या आत मोठे कप्पे आहेत, ते खरोखरच हेल्मेट ठेवायला. अशी गाडी त्याआधी कुणी केली नव्हती. जवळपास पाचशेच बनल्या. आरएस कितीही देखणी असली तरी ती पोर्शे ९११ आहे, आणि ९११ आजही बनते.

टर्बो_तात्या
स्ट्राटोसचं इंजिन फेरारीचं आहे! डिनोचा २.४ लिटर व्ही६. मग एफ४०मुळे फेरारी दोनदा होत नाही का? आणि मियुरा व स्ट्राटोस दोन्ही बेर्टोने या डिझाइन कंपनीतल्या मार्चेल्लो गांदिनीच्या हातच्या. मामेभाऊ हेच दोन मुद्दे काढणार. मियुरा काढून टोयोटा २०००जीटी टाक, वाद मिटेल.

स्वराली_के
इंजिनावरून मोजायचं तर मॅकलॅरेनचं बीएमडब्ल्यूचं आहे. बॉनेटवर नाव कुणाचं, एवढंच मोजायचं. आणि गांदिनीच्या दोन गाड्या असणं ही उणीव कशी? १९६६ ला मियुरा आली तेव्हा बारा सिलिंडरचं इंजिन सीटच्या मागे आडवं बसवलेलं रस्त्यावर कुणी पाहिलं नव्हतं. त्याच माणसाने काही वर्षांत तिच्याशी कुठेही साम्य नसलेली, पाचरीच्या आकाराची स्ट्राटोस आखली. २०२४ मध्ये गेले ते. दोन्ही शेजारी उभ्या करून दाखवाव्यात अशाच आहेत.

अमेरिकन_व्ही८
अवांतर: एफ४० का, एफ५० का नाही, हे कुणी विचारलंच नाही.

सहावा_गिअर
एफ५० नव्वदची. आणि एफ४०च्या दाराला आतून हँडलऐवजी नुसती तार ओढायची असते, खाली गालिचा नाही, जोडावरचा गोंद दिसतो. एन्झो फेरारींच्या हयातीत मंजूर झालेली ती शेवटची. तिला हात लावणार नाही.

बाकी ठरलं. मियुरा, स्ट्राटोस, एफ४०, एफ१, कॅरेरा जीटी. बॉनेटवरच्या नावाचा मुद्दा दादाला आधीच फोन करून सांगतो, म्हणजे ऐनवेळी वाद नको. स्ट्राटोस आता टार्गा फ्लोरिओवर की माँटे कार्लो रॅलीच्या कोल द तुरिनी घाटात? आणि रंग? अलितालिया विमान कंपनीचा हिरवा-पांढरा घेऊ का?

झुफेनहाउझेनकर
रंग अलितालियाचा घेणार असलास तर तुरिनी घाट लिही. १९७५ ते ७७ सलग तीन वर्षं सांद्रो मुनारींनी माँटे कार्लो स्ट्राटोसने जिंकली, त्या रंगाची ओळखच त्या घाटाशी आहे. सिसिलीच हवी असेल तर साधा लाल घे, पट्टे नकोत.

म्हापशेकार
लाल.

कायदेपंडित_ठाणे
स्ट्राटोसही डाव्या स्टिअरिंगचीच आहे. आणि कॅरेरा जीटीसुद्धा.