मदत हवी आहे: मार्गेटला फ्लॅट घ्यावा का?

नमस्कार मंडळी, लंडनचं भाडं आता झेपेना, म्हणून इंग्लंडच्या केंट किनाऱ्यावरच्या मार्गेट गावात, क्लिफ्टनविल भागात, जुन्या इमारतीतला फ्लॅट बघतोय. एकेकाळी हे लंडनकरांचं हक्काचं सुट्टीचं गाव. मग स्पेनच्या स्वस्त सहली सुरू झाल्या, गेस्टहाउसं ओस पडली आणि त्यांतली एकेक खोली भाड्याने गेली. 2011 मध्ये टर्नर कंटेम्पररी कलादालन आलं, 2015 मध्ये ड्रीमलँड हे जुनं करमणूक उद्यान पुन्हा उघडलं. तेव्हापासून गाव सावरतंय म्हणतात. समुद्राकडची बाजू बघून पटतंही. पण दोन गल्ल्या मागे गेलं की खिडक्यांना फळ्या ठोकलेल्या, सज्जाचे कठडे गंजून लोंबतायत. शिवाय लंडनहून आलेल्यांमुळे भाडी वाढली अशी स्थानिकांची कुरकुर आहे, आणि ती काही खोटी नाही.

तिकडे कुणी राहतं का? हिवाळ्यात दुकानं उघडी असतात, की सगळा उन्हाळ्यापुरताच खेळ? खाऱ्या वाऱ्याने भिंतींना ओल किती येते? छताच्या दुरुस्तीचा खर्च सगळ्यांत वाटला जातो की वरच्या मजल्यावाल्याच्या माथी बसतो? एजंटला विचारलं तर त्याच्या मते सगळं झकासच! आठवड्यातून दोनदा लंडनच्या सेंट पँक्रस स्टेशनला यावं लागेल, ते जमण्यासारखं आहे का? त्या भागातला, घर तपासून देणारा भरवशाचा सर्व्हेअर माहीत असेल तर कृपया मेसेज करा.