टॉवेल कारखान्याचा आपत्ती आराखडा: ७० पानांतलं नेमकं काय ठेवायचं?

लूम_ऑफिस
अक्कलकोट रोड एमआयडीसीत टेरी टॉवेलचा कारखाना. २४ रॅपिअर लूम (माग), छोटं डाइंग (रंगाई), ६० कामगार. ऑफिसात टॅलीचा (हिशेबाचं सॉफ्टवेअर) एक सर्व्हर, चार कॉम्प्युटर आणि जॅकार्ड (विणलेल्या नक्षीच्या) डिझाइनचा एक वेगळा. परदेशी गिऱ्हाइकाने बिझनेस कंटिन्युइटी प्लॅन (संकटातही काम चालू ठेवायचा आराखडा) मागितलाय. सल्लागाराने आयएसओ २२३०१ या त्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाच्या नमुन्यावर ७० पानं पाठवली, त्यात त्सुनामीसुद्धा आहे. सोलापुरात! बॅकअप रोज रात्री पेनड्राइव्हवर घेतो, पेनड्राइव्ह सर्व्हरच्याच टेबलाच्या खणात असतो. सुरुवात कुठून करू?

आराखडा_तपासनीस
ती पानं बाजूला ठेवा आणि एक कोरा कागद घ्या. कामांची यादी करा: डिस्पॅच, विणकाम, डाइंग, पगार, जीएसटी. प्रत्येकापुढे दोन आकडे लिहा. काम किती वेळ बंद राहिलं तर चालेल, हा पहिला. किती वेळची नोंद पुन्हा हाताने भरायला तयार आहात, हा दुसरा. डिस्पॅचला ४ तास, पगाराला ३ दिवस, असं. हे आकडे मालकाने ठरवायचे, कॉम्प्युटरवाल्याने नाही, कारण ४ तास हवे म्हटलं की तयार उभा दुसरा सर्व्हर आला आणि २ दिवस चालत असतील तर तो खर्चच नको.

संकटांची यादी करत बसू नका. हातातून काय जाईल ते लिहा: जागा, वीज-पाणी, कॉम्प्युटर, माणूस, रस्ता. आग असो वा पूर, शेवटी यांतलंच काहीतरी जातं. सप्टेंबर २०२५ मध्ये सीना नदीच्या पुराने लांबोटीजवळ पुणे महामार्ग बंद झाला. अशा वेळी एमआयडीसी कोरडी असली तरी गाडी अडकतेच. म्हणून पर्यायी मार्ग आणि दुसरा ट्रान्सपोर्टवाला यांची नावं आधीच आराखड्यात हवीत.

'माणूस' या रकान्यात आधी डाइंग मास्टर धरा. शेडची (रंगछटेची) रेसिपी त्याच्या वहीत आणि डोक्यात असते. वहीचे फोटो दर शनिवारी काढून ठेवा, फुकट काम आहे.

बॅकअपवाला
खणातला पेनड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे, आग लागली तर दोन्ही एकदम जातील. तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, एक कारखान्याबाहेर. दोन हार्डडिस्क घ्या; एक जोडलेली, एक मालकाच्या घरी, दर आठवड्याला अदलाबदल. तिसरी प्रत क्लाउडवर. प्रायव्हेट लिमिटेड असाल तर हिशेबाच्या पुस्तकांचा बॅकअप भारतातल्या सर्व्हरवर रोज ठेवायचा नियम ऑगस्ट २०२२ पासून आहेच.

नेहमी चुकतं ते इथे:
टॅली चालू असताना डेटा फोल्डर कॉपी केला की अर्धवट फायली येतात. सगळ्यांना बाहेर काढून टॅलीतूनच बॅकअप घ्या.
रॅन्समवेअर (फायली लॉक करून खंडणी मागणारा व्हायरस) जोडलेली डिस्क आणि नेटवर्क ड्राइव्हही लॉक करतो. आपोआप सिंक होणाऱ्या क्लाउड फोल्डरमध्ये लॉक झालेल्या फायलीच वर जातात. म्हणून जुन्या आवृत्त्या किमान ३० दिवस राहतील अशीच सेवा घ्या, आणि एक डिस्क कायम सुटी.
रिमोट डेस्कटॉपचा (बाहेरून कॉम्प्युटर चालवायची सोय) ३३८९ पोर्ट इंटरनेटला उघडा असेल तर आजच बंद करा.
हल्ला झालाच तर आधी नेटवर्कची केबल काढा. सर्ट-इनला (सरकारची सायबर सुरक्षा यंत्रणा) कळवायला ६ तास असतात.

आणि ओटीपी! जीएसटी, ई-वे बिल, बँक सगळं मालकाच्या एकाच मोबाइलवर असतं. तो फोन बंद म्हणजे राज्याबाहेर जाणारा ५० हजारांवरचा आणि राज्यातल्या राज्यात १ लाखावरचा माल गेटबाहेर जात नाही. ई-वे बिल पोर्टलवर सब-युजर (दुसऱ्या माणसाचं वेगळं लॉगिन) काढा, बँकेत दुसरी सही द्या. टॅलीचा सिरीयल नंबर आणि तो ज्या ईमेलशी जोडलाय त्याचा पासवर्ड बंद पाकिटात, कारखान्याबाहेर.

तीन महिन्यांतून एकदा कोऱ्या कॉम्प्युटरवर डेटा परत चढवा, घड्याळ लावून. कालच्या शेवटच्या बिलाचा नंबर जुळला पाहिजे.

फिटर_डीजी
जॅकार्डच्या डिझाइन फायली आणि लूमच्या सेटिंग सगळे विसरतात. कंट्रोलर कार्ड गेलं की पाइलची (टॉवेलवरच्या लूपची) उंची, पिक (आडव्या धाग्यांची संख्या), ताण सगळं नव्याने बसवावं लागतं. प्रत्येक लूमची सेटिंग यूएसबीवर काढा, शिवाय कागदावर लिहून लूमलाच लटकवा.

जनरेटरवर सगळे लूम घेऊ नका. आधी बॉयलरचा फीड पंप: वीज गेली तरी भट्टीतलं लाकूड जळतच राहतं, पाणी मात्र थांबतं. मग डाइंग मशीन, कारण मध्येच थांबलं की शेड फसते. मग सर्व्हर आणि दिवे. १२५ केव्हीएचा डीजी (डिझेल जनरेटर) पाऊण लोडला तासाला साधारण २० लिटर डिझेल पितो, त्यावर साठा ठरवा. दर आठवड्याला अर्धा तास खऱ्या लोडवर चालवा. रिकामा चालवला तर काजळी धरते.

यूपीएसची बॅटरी पत्र्याच्या खोलीत नको. २५ अंशांच्या वर दर १० अंशांना लेड-ॲसिड बॅटरीचं आयुष्य निम्मं होतं, आणि आपला मे महिना तुम्हाला माहीतच आहे.

सर्व्हेयर_सोलापूर
विमा बघा. गोदामात माल २ कोटींचा आणि विमा १.२० कोटींचा असेल, तर ५० लाखांच्या नुकसानीला त्याच प्रमाणात, म्हणजे ३० लाखच मिळतात. लघुउद्योगाच्या पॉलिसीत १५ टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते, इथे ४० टक्के आहे. बंद काळातल्या नफ्याचा विमा वेगळा घ्यावा लागतो, आणि आगीचा दावा मंजूर झाला तरच तो लागू होतो. जळालेल्या मालावरचं जीएसटी क्रेडिटही परत करावं लागतं, विम्याची रक्कम ठरवताना ते धरा. स्टॉक स्टेटमेंट आणि मशीनची बिलं बाहेरच्या प्रतीत ठेवा, दाव्याला पहिली तीच मागतात.

मे २०२५ मध्ये इथल्याच एमआयडीसीत टॉवेल कारखान्याच्या आगीत ८ जण गेले. मालाच्या वर किंवा शेजारी कुणी झोपायला नको. रात्री दोन्ही दारं आतून उघडता आली पाहिजेत. उडालेली रुई पॅनेलवरून रोज काढा.

लूम_ऑफिस
पेनड्राइव्ह खणातून काढला. दोन डिस्क उद्या आणतो. गिऱ्हाइकाला किती पानं द्यायची?

आराखडा_तपासनीस
आठ-दहा पुरे. पण डेटा परत चढवल्याच्या चाचणीची तारीख, लागलेला वेळ आणि काय अडलं, हे शेवटच्या पानावर टाका. चांगला ऑडिटर पहिलं तेच पान उघडतो.