‘तेत्सुजिन २८’ आजही खाली ठेववत नाही, ते कशामुळे?

शाईपेन:
महाकाय यंत्रमानवांच्या जपानी चित्रकथा वाचताना १९७२ च्या ‘मॅझिंगर झेड’पासून मागे मागे जात मी आता मित्सुतेरु योकोयामा यांच्या ‘तेत्सुजिन २८-गो’पर्यंत येऊन पोहोचलो आहे. ही मालिका १९५६ ते १९६६ अशी दहा वर्षे ‘शोनेन’ मासिकात चालली. चित्रे साधी आहेत, खलनायक ठरावीक साच्याचे आहेत, आणि ज्याच्या नावाने मालिका आहे त्या लोखंडी माणसाला बोलता येत नाही की स्वतःचा विचार करता येत नाही. त्याच्याजवळ मुठी आणि पाठीवरचे रॉकेट याखेरीज काही नाही. माझ्या लहानपणाशी या मालिकेचा काडीचाही संबंध नाही, त्यामुळे हे स्मरणरंजन म्हणता येणार नाही. तरीही एक भाग संपला की मी लगेच दुसरा उघडतो. जाणकारांनी याचा उलगडा करावा, ही विनंती.

डोंगरवाट:
आपण ज्याला उणीव म्हणता, तेच माझ्या मते या मालिकेचे खरे बळ आहे. तेत्सुजिनला मन नसल्यामुळे तो चांगलाही नाही आणि वाईटही नाही. त्याला दुरून चालवणारी दोन दांड्यांची ती लहानशी नियंत्रणपेटी ज्याच्या हाती, त्याचा तो. शोतारो हा अर्ध्या चड्डीतला मुलगा (जो बिनदिक्कत मोटारही चालवतो!) ती पेटी जिवापाड जपतो, पण चोरांनी ती पळवली की काल शहराला वाचवणारा तोच पुतळा आज त्याच शहरावर चालून येतो, आणि त्याच्या चेहऱ्यावरची रेषसुद्धा बदललेली नसते. ‘मॅझिंगर’मध्ये नायक यंत्राच्या डोक्यात जाऊन बसतो, त्यामुळे यंत्राचे बळ त्याच्या अंगात आल्यासारखे वाटते. इथे मुलगा खाली जमिनीवर उघड्यावर उभा असतो. आपले सामर्थ्य आपल्यापासून दूर आहे आणि ते कुणीही हिसकावून घेऊ शकते, ही धाकधूक पानापानावर जाणवते.

निशिगंध:
डोंगरवाट यांचे म्हणणे पटते, परंतु ही धाकधूक आली कुठून, हे सांगितल्याशिवाय उत्तर अपुरे राहील असे मला वाटते. योकोयामा यांचा जन्म १९३४ चा, कोबे शहरातला. १९४५ मध्ये अमेरिकेच्या बी-२९ विमानांनी ते शहर जाळले तेव्हा ते जेमतेम दहा वर्षांचे होते. ती विमाने, जर्मनीची व्ही-अस्त्रे (दूरवर मारा करणारे उडते बॉम्ब व रॉकेटे) आणि फ्रँकेन्स्टाइनचा चित्रपट यांतून ही कल्पना सुचल्याचे त्यांनीच सांगितले आहे. कथेतला तेत्सुजिनही युद्धाच्या अखेरीस जपानी सैन्यासाठी योजलेले गुप्त अस्त्र आहे. म्हणजे मोठ्यांनी संहारासाठी घडवलेली आणि युद्ध संपल्यावर बिनकामाची ठरलेली वस्तू एका मुलाच्या पदरात पडते, आणि तिचे काय करायचे हे त्याला ठरवावे लागते. ज्या मुलांनी बेचिराख शहरे डोळ्यांनी पाहिली होती, त्यांना हे समजावून सांगण्याची गरजच नव्हती.

शाईपेन:
आपल्या दोघांचेही मनापासून आभार. ब्लॅक ऑक्सच्या प्रकरणात मी इतका का गुंतलो होतो, ते आता लक्षात आले. तो काळा यंत्रमानव नियंत्रणलहरींत अडथळा आणतो, शोतारो दांड्या ओढत राहतो आणि तेत्सुजिन नुसता उभा असतो. त्या ठिकाणी मला तेत्सुजिनपेक्षा त्या मुलाच्या हातांचीच अधिक काळजी वाटली होती.

खाडीकाठ:
नोकरीनिमित्त जपानमध्ये असताना मी कोबेच्या नागाता भागात मुद्दाम जाऊन आलो. शिन-नागाता स्थानकाजवळच्या वाकामात्सु उद्यानात तेत्सुजिनचा पूर्णाकृती पुतळा आहे. तो सरळ उभा केला तर अठरा मीटर भरेल, पण पाय फाकवून, मूठ उगारून उभा असल्याने प्रत्यक्षात थोडा कमी भरतो. १९९५ च्या भूकंपात आणि त्यानंतरच्या आगीत हा परिसर होरपळला होता, आणि त्याच्या पुनरुभारणीसाठी २००९ मध्ये हा पुतळा उभारला गेला. योकोयामा तो पाहायला नव्हते. त्यांचे निधन २००४ मध्येच झाले होते. मी गेलो त्या दुपारी दोन लहान मुले त्याच्या पावलाला टेकून डबा खात बसली होती, आणि वर त्याची ती उगारलेली मूठ होती.