मदत हवी आहे: 'हुशार' कोड सोपा करू की तसाच ठेवू?

नमस्कार मंडळी. सी भाषेतलं एक जुनं बिलिंग मॉड्यूल माझ्या गळ्यात पडलंय. लिहिणारा केव्हाच सोडून गेला. व्हेरिएबलची नावं टी, टीटी, टीटीटी. एकात एक चार टर्नरी (एका ओळीतलं 'असेल तर हे, नाहीतर ते'), आणि वर कॉमेंट एकच: 'हात लावू नये'.

गेल्या आठवड्यात एका ग्राहकाचं बिल शून्य आलं. दोन दिवस डोकं खाजवल्यावर सापडलं: सॉर्टिंगमध्ये दोन आकड्यांची अदलाबदल एक्सऑरने (बिट सारखे असतील तर शून्य देणारी क्रिया) केलीय. दोन्ही इंडेक्स (यादीतल्या जागा) एकच निघाले, की आकडा स्वतःशीच एक्सऑर होतो आणि उरतो भोपळा! तिसरं व्हेरिएबल वाचवून काय मिळवलं देव जाणे.

आमचे सीनियर म्हणतात, "चालतंय ना? मग खाजवू नकोस." दुर्बोध सी लिहायची आंतरराष्ट्रीय स्पर्धा १९८४ पासून आहे, तिथले नमुने मीही चवीने बघतो. पण ती गंमत. बिलिंगमध्ये कशाला?

टेस्ट एकही नाही. आधी आत्ताचं आउटपुट पकडून टेस्ट लिहू, की फंक्शन एकेक करून सोडवत जाऊ? आणि सीनियरना कसं पटवलंत, तेही सांगा.