'द डे आफ्टर टुमारो'मधली गोठवणारी हवा: किती खरी, किती पडद्यावरची?

मतलई:
नववी-दहावीच्या मुलांना 'द डे आफ्टर टुमारो' (2004) दाखवून दीड तास चर्चा घ्यायची आहे. "सिनेमा आहे, सगळं खोटं" असं सांगून मुलांचं समाधान होत नाही, आणि सगळं खोटं आहे असंही नाही. मुख्य अडचण गोठण्याच्या प्रसंगाची. महावादळाच्या डोळ्यातून वरची हवा खाली कोसळते आणि माणसं उभ्याउभ्या गोठतात. सिनेमातच एक पात्र शंका काढतं, की खाली येताना हवा तापायला नको का? त्याला उत्तर मिळतं, की ती फारच वेगाने खाली येतेय. हे उत्तर चुकीचं आहे एवढं जाणवतं, पण नेमकं कुठे चुकतं ते मुलांना पटेल असं मांडता येत नाही. शिवाय अटलांटिकमधला प्रवाह बंद पडण्याबद्दल आज काय माहीत आहे? आणि सिनेमात बरोबर काय आहे? आकडे हवेत, वर्गात करण्याजोगा एखादा प्रयोग असेल तर उत्तमच.

निरभ्र:
ते उत्तर 'वेगाने' या शब्दातच चुकतं. खाली येणारी हवा तापते ती आजूबाजूची उष्णता शोषून नव्हे, दाबली गेल्यामुळे. 10 किलोमीटर उंचीवर दाब साधारण 265 हेक्टोपास्कल असतो, समुद्रसपाटीला 1013. वरची हवा खाली आणायची म्हणजे तिला जवळपास चौपट दाबात कोंबायची. या दाबण्यात जे कार्य होतं त्याचीच उष्णता होते. कोरड्या हवेसाठी हा हिशेब दर किलोमीटरला 9.8 अंश सेल्सियस, म्हणजे 10 किलोमीटरला 98 अंश. त्या उंचीवर हवा उणे 50 असेल तर जमिनीवर पोचताना ती अधिक 48 होते. गोठणं दूरच, होरपळायची वेळ.

आता वेग. हवा सावकाश उतरली तर वाटेत तिला उष्णता बाहेर टाकायला वेळ मिळतो, म्हणून ती थोडी कमी तापते. झपाट्याने उतरली तर तेवढाही वेळ नाही, सगळी उष्णता तिच्यातच राहते. म्हणजे वेग वाढला की तापणं पूर्ण होतं. सिनेमाने कारण बरोबर उलटं लावलं आहे.

सिनेमातला आकडा उणे 150 फॅरनहाइट, म्हणजे उणे 101 सेल्सियस. एवढी थंड हवा तपांबरात, म्हणजे वातावरणाच्या सगळ्यात खालच्या थरात, नसतेच, पण घटकाभर मान्य करू. 10 किलोमीटरवरून ती खाली आणली तर उणे 101 अधिक 98, म्हणजे उणे 3. न्यूयॉर्कमधली हिवाळ्यातली साधी रात्र. ही बेरीज मुलांनाच फळ्यावर करू द्या.

प्रत्यक्षातला पुरावाही आहे. 22 जानेवारी 1943 रोजी अमेरिकेत साउथ डकोटातल्या स्पिअरफिश गावात दोन मिनिटांत तापमान उणे 20 वरून अधिक 7 सेल्सियसवर गेलं. डोंगरावरून खाली उतरणाऱ्या चिनूक वाऱ्याने ते केलं. पुढे पारा 12 पर्यंत चढला, आणि वारा थांबल्यावर 27 मिनिटांत परत उणे 20. झपाट्याने खाली येणारी हवा काय करते ते यात दिसतं. चक्रीवादळाच्या डोळ्यातही हवा खाली उतरत असते, आणि म्हणूनच वरच्या थरांत डोळा भोवतालच्या हवेपेक्षा दहा-दहा अंशांनी उबदार असतो.

प्रयोगासाठी सायकलचा धातूच्या नळीचा पंप घ्या. सुरुवातीला तोंड उघडं ठेवून 15 वेळा दांडा भराभर दाबा आणि नळीच्या खालच्या टोकाला हात लावून बघा. ही घर्षणाची उष्णता. नळी गार होऊ द्या. मग तोंड अंगठ्याने जवळजवळ बंद करून तितक्याच वेळा, तितक्याच वेगाने दाबा. शेवटी पुन्हा गार करून तेच सावकाश करा, एक दाब पाच सेकंदांचा. दुसऱ्या वेळी टोक सगळ्यात जास्त तापतं. पहिली फेरी गाळू नका, नाहीतर कुणीतरी "हे तर घर्षण" म्हणणारच, आणि त्याचं म्हणणं रास्त असेल.

मतलई:
फळ्यावरची बेरीज फारच उपयोगी. पण मुलं एक विचारतील: वळवाच्या पावसाआधी जो गार वारा सुटतो तोही ढगातूनच खाली येतो ना? मग तो कसा गार?

निरभ्र:
हा प्रश्न आला तर चर्चा जमली म्हणायची. तिथे पाऊस मदतीला असतो. कोरड्या हवेतून पडताना थेंबांचं बाष्पीभवन होतं आणि त्याची उष्णता हवेतून घेतली जाते. एक किलो हवेत एक ग्रॅम पाणी वाफ झालं की ती हवा साधारण अडीच अंशांनी गार होते. खाली येताना दाबाने तापणं चालू असतंच, पण बाष्पीभवन त्यातलं बरंचसं खाऊन टाकतं. गार झालेली हवा जड, म्हणून ती आणखी जोरात खाली येते आणि जमिनीवर पसरते. तोच तो मातीचा वास घेऊन येणारा वारा.

मात्र याला मर्यादा आहे. मे महिन्यात दुपारी 38 अंश आणि 30 टक्के आर्द्रता असेल तर ओल्या फडक्याचा थर्मामीटर 24 च्या आसपास दाखवतो. वळवाचा वारा पारा साधारण तिथवर आणतो, फार तर थोडा खाली. पाणी नसेल तर खाली येणारी हवा तापून हलकी होते आणि मधेच अडते. म्हणजे उणे 50 ची कोरडी हवा थेट जमिनीवर कोसळणं ही गोष्ट सुरूच होत नाही.

दर्यावर्दी:
प्रवाहाबद्दल. आधी एक गल्लत दूर करावी लागेल: गल्फ स्ट्रीम आणि एमॉक एकच नव्हेत. गल्फ स्ट्रीम मुख्यतः वाऱ्यावर चालतो. वारे वाहतात आणि पृथ्वी फिरते तोवर तो थांबणार नाही. एमॉक म्हणजे अटलांटिकची उलटापालट: उबदार खारं पाणी वरून उत्तरेकडे जातं, तिथे गार होऊन जड होतं, बुडतं आणि खोलातून दक्षिणेकडे परततं. बंद पडण्याची चर्चा या दुसऱ्याची आहे. त्याचा ओघ सेकंदाला साधारण 1 कोटी 70 लाख घनमीटर. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात जेवढं पाणी ओततात त्याच्या चौदापट धरा.

सिनेमाचं मूळ सूत्र खरं आहे. वितळलेलं गोडं पाणी पृष्ठभागावर पसरलं तर खारटपणा घटतो, पाणी पुरेसं जड होत नाही, बुडणं मंदावतं. 8,200 वर्षांपूर्वी उत्तर अमेरिकेच्या हिमस्तराने अडवलेलं प्रचंड सरोवर हडसन उपसागरातून अटलांटिकमध्ये रिकामं झालं आणि दीडेकशे वर्षं थंडी पडली. त्याआधी 12,900 ते 11,700 वर्षांपूर्वीचा 'यंगर ड्रायस' हा शीत काळ तर हजार वर्षांहून मोठा.

खोटा आहे तो वेळ. पाणी उष्णता सहजासहजी सोडत नाही. समुद्राचा वरचा 100 मीटरचा थर घ्या आणि दर चौरस मीटरमागे सतत 100 वॉट उष्णता बाहेर जातेय असं धरा. तरी एक अंश उतरायला दीड महिना लागतो. सिनेमात अटलांटिकमधल्या जॉर्जेस बँक या उथळ भागातला 'बॉय', म्हणजे पाण्याचं तापमान मोजणारं तरंगतं यंत्र, 13 अंश फॅरनहाइटची घट दाखवतो, म्हणजे सुमारे 7 सेल्सियस. या हिशेबाने त्याला जवळपास वर्ष हवं. एकट्या बॉयवर अशी घट एरवीही दिसू शकते, कारण त्या भागात गार आणि उबदार पाण्याच्या सीमा सरकत असतात. आधी यंत्र बिघडलं असेल असं समजणं आणि मग शेजारचे बॉय तपासणं, ही सिनेमातली पद्धत मात्र अगदी बरोबर आहे. तो प्रसंग मुलांना जरूर दाखवा.

योगायोग असा, की अटलांटिकमध्ये 26.5 अंश उत्तर अक्षांशावर या प्रवाहाचं सलग मोजमाप सुरू झालं तेही 2004 मध्येच. 2009-10 च्या हिवाळ्यात ओघ सुमारे 30 टक्क्यांनी घटला आणि नंतर बराचसा सावरला. हिमयुग आलं नाही, पण न्यूयॉर्कच्या उत्तरेकडच्या किनाऱ्यावर समुद्राची पातळी 10 सेंटिमीटरहून जास्त चढली. आयपीसीसीचा, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या हवामानबदल समितीचा, 2021 चा अहवाल म्हणतो, की या शतकात प्रवाह मंदावण्याची फार दाट शक्यता, आणि 2100 पूर्वी तो अचानक कोसळणार नाही याची मध्यम खात्री. 'मध्यम' हा शब्द मुलांसमोर गाळू नका.

सिनेमात नवी दिल्लीत बर्फ पडतो. खरा प्रवाह कोसळला तर आपल्याकडचा धोका वेगळा आहे: उष्ण कटिबंधातला पावसाचा पट्टा दक्षिणेला सरकतो आणि मोसमी पाऊस कमजोर होतो. यंगर ड्रायसच्या काळात आशियाई मोसमी पाऊस मंदावल्याच्या खुणा चीनच्या गुहांमधल्या चुनखडीच्या स्तंभांत सापडतात. कोरडवाहू शेतीच्या मुलखात मुलांना बर्फापेक्षा हे जास्त जवळचं वाटेल.

प्रयोग: दोन सारखे काचेचे पेले, खोलीच्या तापमानाचं 250 मिलिलिटर पाणी. एकात 9 ग्रॅम मीठ, म्हणजे सपाट दीड चमचा, पूर्ण विरघळवा. गडद खाण्याचा रंग घालून बर्फाचे खडे आदल्या दिवशी करा. दोन्हीत एकेक अलगद सोडा आणि ढवळू नका. साध्या पाण्यात रंगाचे धागे सरळ तळाकडे जातात. खाऱ्या पाण्यात रंग वरच टोपीसारखा साचतो आणि खडा उशिरा वितळतो. गोडं पाणी वर झाकण कसं घालतं ते डोळ्यांनी दिसतं. मीठ विरघळायला कोमट पाणी वापरलंत तर ते आधी निवू द्या, नाहीतर पेल्यातच प्रवाह सुरू होतात आणि धागे विस्कटतात.

गारपीट:
माणसं गोठण्याबद्दल एक हिशेब. 70 किलोचं शरीर 37 वरून शून्यावर आणून त्यातलं सुमारे 42 लिटर पाणी गोठवायला साधारण 23 मेगाज्यूल उष्णता काढावी लागते. उणे 100 च्या सोसाट्याच्या वाऱ्यात उष्णता 9 किलोवॉटने निघत राहिली असं सढळ हाताने धरलं तरी 40 मिनिटांहून जास्त लागतात. खरं तर कातडी गार झाली की वेग पडतो, म्हणून काही तास. अंटार्क्टिकातल्या व्होस्टोक केंद्रावर 21 जुलै 1983 ला उणे 89.2 नोंदलं गेलं, तेव्हाही केंद्रात माणसं होती. सिनेमात हेलिकॉप्टरमधलं इंधनही गोठतं. त्याचं म्हणाल तर विमानांच्या जेट ए-1 च्या गोठणबिंदूची मर्यादा उणे 47 आहे, पण तेही क्षणात दगड होत नाही. आधी मेणासारखे कण धरतात आणि गाळणी तुंबते.

बरोबर काय ते विचारलं आहे, तर सिनेमात टोकियोत पडणाऱ्या गारा. मुठीएवढ्या गारा पडतात. 23 जुलै 2010 ला साउथ डकोटातल्या व्हिव्हियनला पडलेली गार 20 सेंटिमीटर व्यासाची होती. 14 एप्रिल 1986 ला बांगलादेशातल्या गोपालगंजला एक किलोच्या गारा पडल्या आणि 92 माणसं गेली. मार्च 2014 ची विदर्भ-मराठवाड्यातली गारपीट तर मुलांच्या घरच्यांनी पाहिलेली असेल.

मॅनहॅटनमध्ये शिरणारं पाणी अर्धं खरं आहे. दाब 1 हेक्टोपास्कल उतरला की समुद्र साधारण 1 सेंटिमीटर चढतो. 1979 च्या टिप वादळाचा विक्रमी 870 हेक्टोपास्कल दाब धरला तरी त्यातून दीड मीटरही मिळत नाही. उरलेलं पाणी वारा उथळ किनाऱ्यावर ढकलून चढवतो. 29 ऑक्टोबर 2012 ला सँडी वादळात मॅनहॅटनच्या दक्षिण टोकाला 'बॅटरी' नावाच्या जागी असलेल्या भरतीमापन ठाण्यावर पाणी रोजच्या नीचतम ओहोटीच्या सरासरी पातळीच्या वर 4.28 मीटर गेलं, भुयारी रेल्वेत शिरलं. पण ते काही तासांत चढलं आणि ओहोटीबरोबर उतरलं. पडद्यावर भिंतीसारखी लाट येते आणि पाणी तिथेच राहून गोठतं, ते तसं होत नाही.

मतलई:
दोन्ही प्रयोग आणि बॉयचा प्रसंग ठरला. पंपाच्या तिन्ही फेऱ्या घेईन. रंगीत बर्फ आदल्या रात्रीच लावतो.

दर्यावर्दी:
खडे दोनच करू नका, प्रत्येक गटामागे चार करा. पेल्यात सोडताना हमखास एखादा निसटून आपटतो आणि पाणी ढवळलं जातं.