वीस मशीन, एकच लाइन: स्नॅप काढून टाकावं का?

लॅबवाल्या बाई

आमच्या शाळेच्या लॅबमध्ये वीस मशीन आहेत, सगळ्यांवर उबंटू २४.०४ हे लिनक्स. नेटची लाइन एकच. गेल्या सोमवारी दहावीचा तास चालू असताना फायरफॉक्सची नवी आवृत्ती बऱ्याच मशीनवर एकदम उतरायला लागली. उबंटूत तो स्नॅपमधून येतो, म्हणजे उबंटूच्या आपोआप अपडेट होणाऱ्या पॅकेज-पद्धतीतून, पूर्ण पॅकेज अडीचशे एमबीच्या आसपास. अर्धा तास पोरांचं एकही पान उघडलं नाही.

माझं मत स्पष्ट आहे. अशा ठिकाणी स्नॅप नको. सगळं ॲप्टने, म्हणजे जुन्या नेहमीच्या पॅकेज-पद्धतीने घ्यावं, मिरर (मुख्य सर्व्हरची नक्कल ठेवणारा सर्व्हर) जवळचा लावावा आणि एका जुन्या मशीनवर ॲप्ट-कॅशर-एनजी हा उतरवलेली पॅकेजं साठवणारा प्रोग्राम बसवावा. एका मशीनने उतरवलेलं पॅकेज बाकीच्या एकोणीसना लॅनवरूनच मिळेल. ॲप्टचा मिरर कुणालाही उभारता येतो, आयआयटी कानपूरने उभारलाच आहे. स्नॅपचं दुकान एकच, तेही उबंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकल कंपनीच्या ताब्यात. सुट्टीत सगळ्या मशीन नव्याने करायच्या आहेत, म्हणून ज्यांना हे पटत नाही त्यांचं आधी ऐकायचंय.

टर्मिनलकर

बाई, त्रास खरा आहे, पण दोष स्नॅपचा नाही. मूळ सेटिंगमध्ये ते दिवसातून चार वेळा अपडेट तपासतं. वेळ बदलून रात्रीची करा, नाहीतर परीक्षेच्या काळात होल्ड लावा, म्हणजे अपडेट थांबवून ठेवा. शिवाय मागची आवृत्ती डिस्कवर राहते. बिघडलं तर एका कमांडने परत जाता येतं, ॲप्टमध्ये हे इतकं सोपं नाही.

आणि ब्राउझर ही लॅबमधली सगळ्यात धोक्याची वस्तू. पोरं मिळेल त्या लिंकवर क्लिक करतात. तो आपोआप ताजा होतोय आणि बंदिस्त चौकटीत चालतोय, हे मला अर्ध्या तासापेक्षा मोलाचं वाटतं.

लॅबवाल्या बाई

पाच वाजता शिपाईमामा लॅबचा मेन स्विच पाडतात. रात्री अपडेट होणार कुठून?

जुना डेबियनवाला

स्नॅपबाबत मी बाईंच्या बाजूने आहे, पण "जवळचा मिरर" या शब्दांवर माझं भांडण आहे. आधीच्या ऑफिसात आम्ही निव्वळ पिंग (उत्तर किती लवकर येतं ते) बघून एक मिरर लावला होता. वेग झकास. काही महिन्यांनी "हॅश सम मिसमॅच" (आलेली फाइल यादीतल्या नोंदीशी जुळत नाही) दिसायला लागलं, कधी सकाळी, कधी संध्याकाळी. मिररने मुख्य सर्व्हरवरून आधी पॅकेजं आणि मग त्यांच्या याद्या आणायच्या असतात. तिथे सगळं एकाच फेरीत येत होतं, त्यामुळे नवी यादी आलेली आणि तिच्यातलं पॅकेज अजून वाटेत, असं व्हायचं.

पण तो एरर निदान दिसतो तरी. पुढे ते सिंक चक्क थांबलं. अपडेट मारलं की "सगळं अद्ययावत आहे" असं उत्तर यायचं, आणि आम्ही अकरा दिवस मागे होतो. ॲप्ट यादीवरची डिजिटल सही तपासतं हे खरं, पण जुन्या यादीवरची सहीसुद्धा खरीच असते. डेबियन (उबंटू ज्यावर बेतलंय ते लिनक्स) आपल्या सिक्युरिटीच्या यादीला मुदत घालतं, ती उलटली की ॲप्ट अडून बसतं. उबंटूच्या यादीला तशी मुदत नसते.

म्हणून बाई, २४.०४ मध्ये 'उबंटू डॉट सोर्सेस' ही सर्व्हरच्या पत्त्यांची फाइल उघडलीत की दोन परिच्छेद दिसतील. पहिल्यात हवा तो मिरर घाला. दुसरा सिक्युरिटीचा, तो मुख्य सर्व्हरवरच राहू द्या. सरसकट पत्ता बदलणारे इथेच चुकतात. डेबियन असतं तर मी मिरर शोधतच बसलो नसतो, त्यांचा मुख्य पत्ता सीडीएनवर आहे, म्हणजे जवळचा सर्व्हर आपोआप मिळतो.

टर्मिनलकर

मग हेच सांगतोय ना मी! मिरर शिळा आहे का हे तपासायचं काम शाळेतल्या बाईंनी का करायचं? आणि सहीवर फार विसंबू नका. जानेवारी २०१९ मध्ये ॲप्टच्या स्वतःच्याच कोडमध्ये चूक सापडली होती. साध्या, म्हणजे कुलूप नसलेल्या एचटीटीपीवर मशीन आणि सर्व्हरच्या मध्ये बसलेला माणूस रूटचे (मशीनवरचे सर्वोच्च) अधिकार घेऊन हवं ते चालवू शकत होता.

जुना डेबियनवाला

ती चूक गंभीरच होती, मान्य. पण मे २०१८ मध्ये तुमच्या स्नॅपच्या दुकानात एका खेळातून क्रिप्टो मायनर (दुसऱ्याच्या मशीनवर गुपचूप आभासी चलन कमावणारा प्रोग्राम) लोकांच्या मशीनवर गेला होता, तो थेट दुकानातूनच. आणि ताज्याचा एवढा आग्रह धरू नका. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या फाइल दाबून लहान करणाऱ्या लायब्ररीतला चोरदरवाजा उघड झाला तेव्हा ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्या डेबियनच्या टेस्टिंग या चाचणीच्या शाखेपर्यंत पोचल्या होत्या. जुनीच, पक्की स्टेबल शाखा वापरणारे वाचले.

टर्मिनलकर

लायब्ररीसाठी पटतं. ब्राउझरसाठी अजिबात नाही, तो शिळा ठेवून चालत नाही.

कोकणकडा

दोघांचं म्हणणं राखता येतं. फायरफॉक्सवाल्या मोझिलाने जानेवारी २०२४ पासून स्वतःची ॲप्ट रेपो (पॅकेजांचा साठा) दिली आहे. ब्राउझर ताजा, आणि स्नॅपही नको. मात्र दोन ठिकाणी अडाल. उबंटूच्या नावापुरत्या, म्हणजे आतून स्नॅपच बसवणाऱ्या फायरफॉक्स पॅकेजचा आवृत्ती क्रमांक मुद्दाम वरचढ ठेवलेला आहे, त्यामुळे मोझिलाच्या रेपोला प्राधान्य १००० दिलं नाही तर ॲप्ट पुन्हा स्नॅपच आणून बसवेल. दुसरं, ही रेपो एचटीटीपीएसवर (कुलूपबंद जोडणीवर) आहे आणि कॅशर ते तसंच्या तसं साठवत नाही. पत्ता एचटीटीपीने सुरू करा, पुढे मोठ्या अक्षरांत एचटीटीपीएस, मग तीन तिरक्या रेघा आणि मग सर्व्हरचं नाव.

टर्मिनलकर

हे मला मान्य. पण होल्डपेक्षा हे जास्त काम आहे, आणि पुढच्या वर्षी बाईंची बदली झाली तर पुढच्याला कळणार कसं?

लॅबवाल्या बाई

बदलीचा मुद्दा माझ्या डोक्यात आला नव्हता. पत्त्यांची आणि प्राधान्याची, दोन्ही फाइली छापून कॅशरच्या मशीनवर चिकटवते.

आज दोन मशीनवर करून पाहिलं. पहिल्या वेळी प्राधान्य विसरले आणि खरंच स्नॅप परत आलं. ते काढून पुन्हा केलं. कॅशरच्या लॉगमध्ये आता फायरफॉक्सची आत येण्याची नोंद एक आहे आणि बाहेर जाण्याच्या दोन. उरलेली अठरा शनिवारी घेते.