विकायच्या आधी रस्त्याकडचे 14 गुंठे घ्यावेत का?

वाईकर_मुलगी
नमस्कार मंडळी. वाई तालुक्यात भुईंजच्या बाजूला आमचं 32 गुंठे बागायत रान आहे, धोम धरणाच्या कालव्याचं पाणी आहे, आधी ऊस असायचा आता हळद आहे. बाबांना झेपत नाही आणि मी न भाऊ दोघंही पुण्यात, म्हणून दिवाळीनंतर विकायचं ठरलंय. अडचण रस्त्याची. शेजारच्या काकांच्या बांधावरून वाट आहे, ट्रॅक्टर कसाबसा जातो, बघायला येणारा प्रत्येक जण तिथंच थांबतो आणि भाव पाडून मागतो. 90 हजार गुंठ्याच्या वर कोणी बोलत नाही.

आता काकाच त्यांचे रस्त्याकडचे 14 गुंठे काढतायत. 1 लाख 60 हजार गुंठा म्हणतात, पहिला मान तुमचा असंही म्हणाले. एजंट म्हणतो दोन्ही मिळून 46 गुंठे रोडटच, म्हणजे रस्त्याला लागून, झाले की सरसकट 1 लाख 40 हजारनं जातील. म्हणजे काकांना 22 लाख 40 हजार, स्टॅम्प-नोंदणी-मोजणी धरून 24 लाख खर्च, आणि विक्रीचे 64 लाख. हातात 40 लाख राहतात. आहे तसं विकलं तर 28 लाख 80 हजार. बाबांनी सगळं आयुष्य त्या रानात घातलंय, ते पडेल भावात जाऊ नये असं मला मनापासून वाटतं. भाऊ म्हणतो विकायला निघालोय आणि नवीन घेत काय बसलोय. तुमचं काय मत?

कृष्णाकाठ
ताई, घ्या. डोळे झाकून नाही, कागद बघून, पण घ्या. एक गोष्ट तुमच्या हिशोबात आलीच नाही. तुम्ही नाही घेतले तर ते 14 गुंठे दुसरा कोणीतरी घेणार, आणि आपल्याकडं रस्त्याकडची जमीन घेणारा बहुतेक शहरातला असतो, पहिल्या महिन्यात तारेचं कंपाउंड मारतो. काकांनी वाट दिली ती संबंधांवर दिली. नवीन मालकाचा तुमचा काय संबंध? मग आज जे 90 मिळतायत ते 70 वर येतात, तेसुद्धा वाद चालू असताना कोणी घेतलं तर.

माण_खटाव
मी उलट सांगतो. एजंटचा भाव हा भाव नसतो. 1 लाख 40 हजारनं घेतो असं कोणी लिहून दिलंय का? विसार म्हणजे सौद्याची आगाऊ रक्कम दिलीय का? नाही ना.

तुमच्याच आकड्यांनी बघा. 24 लाख घातले आणि स्वतःच्या रानाचे 28.80 धरले तर 52 लाख 80 हजार झाले, भागिले 46, म्हणजे साधारण 1 लाख 15 हजार. त्याच्या खाली एक रुपया जरी गेला तरी काही न करता विकलं असतं तर बरं होतं असं होणार. आणि हे व्याज न धरता. 24 लाख दहा टक्क्यानं उचलले तर महिन्याला 20 हजार व्याज. गिऱ्हाईक वर्षभर नाही मिळालं तर 2 लाख 40 हजार तिथंच गेले. 29 लाखाचं गिऱ्हाईक गावातलंच मिळतं, 64 लाखाचं गावात नसतं, ते बाहेरून यावं लागतं आणि ते घासाघीस करतं.

वाईकर_मुलगी
पैसे भावाची एफडी मोडून आणि थोडं सोनेतारण करून उभे करावे लागतील. म्हणूनच तो नको म्हणतोय, त्याचंही बरोबर आहे.

कोरेगावची_सून
मग एफडी मोडू नका ना! तुम्हाला जमीन हवीय का रस्ता हवाय? रस्ता हवाय. तर रस्त्यापुरतंच बघा. बांधावरून रस्ता मागायला तहसीलदारांकडे जमीन महसूल संहितेच्या कलम 143 खाली अर्ज करता येतो. मे 2025 च्या शासन निर्णयात शेतरस्ता तीन-चार मीटर रुंद असावा आणि त्याची नोंद सातबाऱ्याच्या इतर हक्कात (जमिनीवर दुसऱ्यांचे हक्क लिहितात तो रकाना) घ्यावी असं आहे. काका अजून मालक आहेत आणि चांगले संबंध आहेत तोवरच त्यांची संमती लिहून घ्या, इतर हक्कात नोंद चढवा, मग त्यांना कोणालाही विकू द्या. खर्च किती? अर्जाचा आणि मोजणीचा.

कृष्णाकाठ
नोंद करा, त्याला माझा विरोध नाही. पण त्यानं शेतकरी गिऱ्हाईक खूश होईल, बंगला बांधणारा नाही होणार. भुईंज हायवेवर आहे, तिथं जास्त पैसे देणारा माणूस शेती करायला येत नाही हे आपण सगळे जाणतो. त्याला रस्त्याला लागून तोंड पाहिजे. शिवाय काकांच्या जमिनीतून कायमचा रस्ता जाणार म्हटल्यावर त्यांचा भाव पडतो, ते संमती का देतील?

माण_खटाव
दोन गुंठ्याची पट्टी विकत मागा ना मग, योग्य पैसे देऊन.

कोरेगावची_सून
तसं थेट होत नाही. तुकडेबंदी आहे, म्हणजे ठरावीक क्षेत्राहून लहान तुकडा विकायला बंदी. बागायतीला 10 गुंठे आणि जिरायतीला 20 गुंठे हे प्रमाणभूत क्षेत्र 2023 पासून बहुतेक जिल्ह्यांत आहे, त्याच्या खालचा तुकडा रजिस्टर करायचा तर अडचण. मार्च 2024 च्या नियमांत शेतरस्त्यासाठी कलेक्टरची परवानगी घेऊन छोटा तुकडा घेता येतो, पण ती परवानगी खरेदीखताला जोडावी लागते. वेळ लागतो, पण होतं. पूर्ण 14 गुंठे मात्र 10 च्या वर आहेत, बागायत नोंद असेल तर सरळ होतील.

सीए_हडपसर
टॅक्सचं कोणी बोललं नाही म्हणून लिहितो. वाईची लोकसंख्या 10 हजार ते 1 लाख या गटात येते, म्हणजे नगरपालिका हद्दीपासून हवाई अंतरानं 2 किलोमीटरच्या पलीकडची शेतजमीन ही ग्रामीण शेतजमीन, तिच्या विक्रीवर कॅपिटल गेन टॅक्स लागत नाही. बाबांच्या 32 गुंठ्यांना त्याचा पूर्ण फायदा आहे. पण 14 गुंठे आज घेऊन सहा महिन्यांत विकले, मध्ये पीकही घेतलं नाही, तर घेतानाच विकायचा हेतू होता म्हणून आयकर खातं त्याला धंद्याचं उत्पन्न म्हणू शकतं आणि मग स्लॅबप्रमाणे कर. घेणार असाल तर पीक घ्या, पीकपेरा (सातबाऱ्यावरची पिकाची नोंद) लावा, दोन्ही गटांची किंमत खरेदीखतात वेगवेगळी दाखवा. नुसता पैसे फिरवायचा व्यवहार करू नका.

माण_खटाव
हेच म्हणत होतो. 40 लाख म्हणून दिसतायत ते 40 नाहीत.

फलटण_बागायतदार
तिसरा मार्ग सुचवतो. काकांनाही विकायचंय, तुम्हालाही विकायचंय, दोघं मिळून एकाच गिऱ्हाईकाला विका. दोन खरेदीखतं, एकाच दिवशी. स्टॅम्प दोनदा भरायला नको, कर्ज नको. काकांना त्यांचे 1 लाख 60 मिळोत, वरचं तुमचं.

कृष्णाकाठ
कागदावर छान आहे. आमच्या भावकीत असंच ठरलं होतं, ऐन वेळी एका घरानं जास्त मागितले आणि गिऱ्हाईक निघून गेलं. काकांना पैशाची गरज कधी आहे हे विचारा आधी. ती मार्चपर्यंत असेल तर ते तुमच्या गिऱ्हाईकासाठी थांबणार नाहीत.

वाईकर_मुलगी
काकांना मुलीच्या लग्नासाठी पैसे हवेत, फेब्रुवारीत लग्न आहे. बाबांना विचारलं तर ते एवढंच म्हणाले की त्याच्या अडचणीत भाव पाडू नका, त्यानं आपल्याला कधी वाट अडवली नाही. आणि सातबारा काढला, तर त्यात काकांबरोबर त्यांच्या दोन बहिणींची नावं आहेत.

कोरेगावची_सून
मग थांबा! एक रुपया विसार देऊ नका. हिंदू वारसा कायद्याच्या 2005 च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित जमिनीत मुलींचा हक्क मुलांएवढाच आहे, आणि इथं तर नावंच आहेत. दोघी बहिणी खरेदीखतावर स्वतः सह्या करणार असतील किंवा आधी नोंदणीकृत हक्कसोडपत्र करणार असतील तरच पुढे. तोंडी 'त्यांचं काही म्हणणं नाही' यावर जाऊ नका. आणि धोमच्या लाभक्षेत्रात असाल तर इतर हक्कात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा काही शेरा आहे का तेही तलाठ्याकडून बघून घ्या, तो शेरा असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही, तुमच्या 32 गुंठ्यांचीसुद्धा.

कृष्णाकाठ
ह्यात मी कोरेगावच्या ताईंच्या बाजूनं. पण बहिणींनी सह्या केल्या तर माझं मत तेच, घ्या. फक्त काकांना दीडच्या आसपास येतायत का बघा, बाबांचा शब्द राखून. लग्नाचं बोलायला जाल तेव्हा दोन्ही आत्यांना भेटून या.

माण_खटाव
आणि माझंही तेच. 1 लाख 15 च्या वरचा भाव देणारं गिऱ्हाईक नावासकट समोर बसलेलं नसेल तर एफडी मोडू नका. तोवर रस्त्याचा अर्ज टाकून ठेवा, तो कुठल्याही बाजूनं उपयोगी आहे.

वाईकर_मुलगी
शनिवारी गावी जातेय, भाऊ पण येतोय. आधी आत्यांना भेटणार, मग तलाठी कार्यालय. रस्त्याच्या अर्जाला काका सही द्यायला तयार आहेत, आत्ताच फोनवर विचारलं. खरेदीचं भावाशी समोर बसूनच ठरवीन, त्याची एफडी आहे.